कोणता मेंदूज्वर?

रडणारं बाळ उचलून घेतलं की शांत होतं, हे आम्ही दहा महिन्यांत गृहीतच धरलं होतं. त्या रात्री सगळं उलटं चाललं होतं. गादीवर ठेवली की ती नुसती कण्हायची आणि कडेवर घेतली की किंचाळायची. लंगोट बदलायला पाय वर उचलले तर विचारूच नका. ताप १०२ च्या वर, दूध दोनदा उलटलेलं. संध्याकाळीच एका दवाखान्यात दाखवून आणलं होतं. तिथे ‘व्हायरल आहे, तापाचं औषध द्या’ असं सांगितलं होतं, आणि तेव्हा तिच्याकडे पाहून कुणीही तेच सांगितलं असतं. त्यांना मी दोष देत नाही.

रात्री दोनच्या सुमारास बायकोने तिच्या टाळूवरून हात फिरवला आणि तो तिथेच थांबला. एरवी बोटाला सपाट, जराशी खोलगट लागणारी टाळू तणाणून वर आली होती. रडताना टाळू थोडी वर येतेच. पण त्या वेळी पोर रडत नव्हती, मांडीवर बसवून धरलेली होती. बायको म्हणाली, “सकाळपर्यंत थांबायचं नाही.” मी किल्ल्या शोधत असताना आईने फोनवर तो शब्द उच्चारला, “मेंदूज्वर तर नसेल ना रे?”

तो शब्द लहानपणापासून कानावर होता. जोरदार ताप, झटके, आणि त्यानंतर ‘पूर्वीसारखा राहिला नाही’ असं ज्याच्याबद्दल कुजबुजतात तो मुलगा, एवढाच त्याचा अर्थ मला माहीत होता. या एका शब्दाच्या पोटात किती वेगवेगळे आजार कोंबलेले आहेत, ते पुढच्या काही महिन्यांत कळत गेलं.

इस्पितळात तपासणाऱ्या डॉक्टरांनी हा शब्द वापरला नाही. “मेनिंजायटिसची शंका आहे. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जी आवरणं असतात त्यांना सूज. पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल.” रक्त काढून झालं, शिरेत सुई लागली, आणि तपासाचा निकाल यायच्या आत प्रतिजैविक सुरूही झालं. मी विचारलं, आजार कुठला ते माहीत नसताना औषध कसं? उत्तर मिळालं की जंतूंचा, म्हणजे बॅक्टेरियाचा, मेनिंजायटिस असेल तर तासातासाने नुकसान वाढत जातं, त्यामुळे आधी औषध आणि मग चौकशी. नको असलेलं औषध दोन दिवसांनी थांबवता येतं, गेलेला वेळ परत आणता येत नाही.

पाठीतलं पाणी काढण्याच्या संमतीपत्रावर सही करायला मला वेळ लागला, हे कबूल करतो. ‘पाठीतलं पाणी काढलं की पाय जातात’ हे वाक्य डोक्यात घट्ट बसलेलं होतं. निवासी डॉक्टर वयाने लहान होते, डोळे तारवटलेले, तरी त्यांनी कागद उलटा करून पेनने कणा काढून दाखवला. मज्जारज्जू कण्याच्या टोकापर्यंत जात नाही, कमरेच्या वरच्या भागातच संपते. त्याखाली पाण्यात तरंगणारे चेतातंतूंचे धागे तेवढे असतात. सुई जाते ती रज्जू संपल्यानंतरच्या मणक्यांच्या फटीत. “आणि पाय जायची भीती सुईमुळे नाही, या आजारामुळे आहे,” ते म्हणाले. मी सही केली.

आम्हाला बाहेर थांबवलं. एका सिस्टरने तिला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन वेटोळं करून धरलं होतं, एवढं दाराच्या काचेतून दिसलं. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. डॉक्टर बाहेर आले ते आधी एकच वाक्य बोलले, “पाणी स्वच्छ दिसतंय.” पू असलेलं पाणी गढूळ दिसतं. स्वच्छ म्हणजे निर्धास्त असं नाही, पण वाईटातलं बरं.

अहवालाचा पहिला भाग दोन तासांत हाती आला. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, त्यात बहुतेक लिम्फोसाइट. प्रथिनं किंचित जास्त. साखर नेहमीसारखी. या साखरेचं गणित मला फार आवडलं, अशा वेळी आवडणं हा शब्द बरोबर नसला तरी. पाण्यातली साखर साधारणपणे रक्तातल्या साखरेच्या दोनतृतीयांश असते, म्हणून त्याच वेळी तिच्या रक्तातली साखरही मोजून ठेवली होती. जंतूंच्या आजारात ही पाण्यातली साखर खाली येते. आमच्याकडे ती खाली आलेली नव्हती, म्हणजे पारडं विषाणूकडे झुकत होतं. पण जंतू वाढतात का ते पाहायला कल्चर लावलेलं होतं, आणि त्याचा भरवसा यायला ४८ तास लागणार होते. तोवर औषध चालू.

त्या ४८ तासांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. दर चार तासांनी ताप, दर आठ तासांनी डोक्याचा घेर. टेप घेऊन येणारी सिस्टर आकडा लिहिताना आमच्याकडे बघायची नाही, आणि आम्ही त्यावरून काहीबाही अर्थ काढत बसायचो.

शेजारच्या खाटेवर सहा आठवड्यांचा मुलगा होता. त्याच्या पाण्यात जंतू सापडला होता, गट ‘ब’ स्ट्रेप्टोकोकस. त्याचे वडील आणि मी रात्री जिन्यात उभे राहायचो. ते पुन्हा पुन्हा विचारायचे, “आम्ही लसीला उशीर केला का हो?” त्यांनी उशीर केला नव्हता. सहाव्या आठवड्याच्या लसी त्याच आठवड्यात द्यायच्या होत्या, आणि त्या आधी दिल्या असत्या तरी या जंतूवर चालल्या नसत्या. बाळाला देता येईल अशी त्याची लस नाही. गरोदरपणात आईची तपासणी करून, बाळंतपणाच्या कळांमध्ये प्रतिजैविक देऊन पहिल्या आठवड्यातला आजार बराच टाळता येतो. पण कित्येक आठवड्यांनी उगवणारा हा प्रकार त्याने थांबत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून मी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माहीत असतं तर निदान तेवढं एक ओझं उतरवता आलं असतं.

तिसऱ्या दिवशी कल्चर कोरं आलं आणि विषाणूच्या तपासणीत एंटेरोव्हायरस सापडला. हा आतड्यात वाढणारा विषाणू. बहुतेक मुलांना त्याने दोन दिवस ताप येतो, कुणाच्या अंगावर पुरळ उठतं, आणि क्वचित एखाद्याच्या मेंदूच्या आवरणांपर्यंत तो पोहोचतो. त्यावर वेगळं औषध नाही. बहुतेक मुलं आपली आपण बरी होतात. प्रतिजैविक त्याच दुपारी बंद झालं. संध्याकाळी पोरीने सिस्टरच्या खिशातलं पेन ओढलं, आणि पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मी हिशेब जुळेपर्यंत न झोपणारा माणूस. आठवड्याने बालरोगतज्ज्ञांकडे फेरतपासणीला गेलो आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणालो, “डॉक्टर, हिला मेनिंजायटिसची लस द्यायचीच. आजच.”

त्यांनी शांतपणे विचारलं, “कोणत्या मेनिंजायटिसची?”

मी गप्प. त्यांनी आमचं लसीकरणाचं कार्ड पुढे ओढलं आणि पेनाच्या टोकाने एकेक ओळ दाखवत गेल्या. जन्मतःच दिलेली बीसीजी मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या क्षयावर तितकीशी चालत नाही, पण लहान मुलांना क्षयाच्या मेनिंजायटिसपासून ती चांगलं वाचवते, आणि ती देण्याचं मुख्य कारणच ते. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच लसी एकत्र, त्यातली एक हिबची. हिब म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएंझी प्रकार बी. नावात इन्फ्लुएंझा असला तरी फ्लूशी त्याचा संबंध नाही, हा जंतू आहे. लस येण्यापूर्वी अमेरिकेत पाच वर्षांखालच्या मुलांमधल्या जंतूंच्या मेनिंजायटिसचं पहिल्या क्रमांकाचं कारण तोच होता. आता तिथे त्याचे रुग्ण ९९ टक्क्यांनी घटलेत. मग पीसीव्ही, न्यूमोकॉकस नावाच्या आणखी एका जंतूची. पुढे येणारी एमएमआर, कारण गालगुंडाचा विषाणूही मेंदूच्या आवरणांपर्यंत जातो. “म्हणजे मेनिंजायटिसच्या तीन लसी तुम्ही आधीच दिल्यात. तुम्हाला ठाऊक नव्हतं एवढंच.”

“मग हिला झाला कसा?”

“हिला झाला तो एंटेरोव्हायरसने. या कार्डावरची कुठलीच लस त्याच्यासाठी नाही.”

मला तेव्हा थोडा रागच आला होता. एवढ्या सुया टोचून घेतल्या, आणि जो आला तो खिडकीतून आला. पण नंतर घरी बसून पाहिलं तर दारं किती होती आणि त्यातली किती लावलेली होती, ते दिसायला लागलं. त्या रात्री डॉक्टरांना ‘पाणी स्वच्छ’ म्हणता आलं, त्यात या लावलेल्या दारांचाही हात असणार.

कार्डावर जे नव्हतं ते मेनिंगोकॉकस. हाच तो जंतू ज्याच्या साथी येतात आणि जो सकाळी खेळणाऱ्या मुलाला रात्रीपर्यंत अत्यवस्थ करू शकतो. गंमत म्हणजे साधारण दहातल्या एका माणसाच्या घशात तो काही त्रास न देता राहत असतो. त्याच्या बारा गटांपैकी ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय हे सहा गट बहुतेक आजाराला कारणीभूत. कुठल्या भागात कुठला गट जोरात आहे ते बदलत राहतं, म्हणून प्रत्येक देशाचं वेळापत्रक वेगळं. ब्रिटनने १९९९ मध्ये सी गटाची लस सुरू केली आणि २०१५ मध्ये तान्ह्या बाळांच्या नियमित लसीकरणात बी गटाची आणली. बी गटाची राष्ट्रीय पातळीवर देणारा तो पहिला देश. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात ए गटाच्या प्रचंड साथी यायच्या. तिथे २०१० मध्ये बुर्किना फासोपासून ए गटाची लस द्यायला सुरुवात झाली आणि काही वर्षांत तो गट जवळजवळ नाहीसा झाला. उरलेल्या गटांसाठी आता बी सोडून पाचही गटांची, एक्ससकट, लस आली आहे. नायजेरियाने ती २०२४ मध्ये पहिल्यांदा वापरली. आणि काही देशांत मेनिंगोकॉकसची लस सरसकट न देता फक्त ठरावीक मुलांना देतात: ज्यांची प्लीहा काढलेली आहे किंवा काम करत नाही, ज्यांच्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं कमी आहेत, जे साथीच्या भागात किंवा हजला निघालेत.

डॉक्टरांनी सल्ला दिला, पण निर्णय आमच्यावर सोडला. “तुमच्या मुलीला जास्त धोका आहे असं मी म्हणणार नाही. एकदा विषाणूचा झाला म्हणून जंतूचा होण्याची शक्यता वाढत नाही. आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर हलका नाही. लस सुरक्षित आहे. बघा.” जंतूंचा मेनिंजायटिस झालेल्या सहा जणांत एकजण दगावतो आणि पाचांत एकाला कायमचं काहीतरी मागे राहतं, बहिरेपण, झटके, हातापायातलं अधूपण, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा मी त्या रात्री वाचला. बायकोने वाचला नाही. तिचं आधीच ठरलं होतं.

त्या डॉक्टर दोन आठवडे रजेवर होत्या, आणि माझी घाई नडली. दुसऱ्या एका दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, ए, सी, डब्ल्यू, वाय अशा चारही गटांची लस आहे, घेऊन या. सिस्टरने कुपी बाहेर काढली. मी सवयीने खोका उचलून वाचला. त्यावर ‘पॉलिसॅकराइड’ लिहिलेलं होतं, ‘कॉन्जुगेट’ नाही. खाली बारीक अक्षरात वय: दोन वर्षांपुढे. माझी मुलगी अकरा महिन्यांची. विचारलं तर तिथले डॉक्टर म्हणाले, “सगळं एकच असतं हो.” आम्ही कार्ड उचललं आणि बाहेर पडलो.

सगळं एक नसतं, आणि यावर जरा थांबतो, कारण लहान मुलांच्या लसींची सगळी मेख इथेच आहे. हिब, न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस हे तिघेही अंगावर साखरेच्या साखळ्यांचा कोट घालून हिंडतात. जुन्या लसी म्हणजे हा कोट काढून तोच टोचायचा. मोठ्यांचं शरीर तो ओळखतं. दोन वर्षांखालचं बाळ नुसत्या साखरेकडे नीट लक्षच देत नाही, आणि दिलं तरी लक्षात ठेवत नाही. नेमक्या याच वयात हे आजार सर्वांत जास्त. मग शास्त्रज्ञांनी तो कोट एका प्रथिनाला जोडला, धनुर्वाताच्या किंवा घटसर्पाच्या निरुपद्रवी केलेल्या विषाला. प्रथिन बाळाचं शरीर चांगलं ओळखतं, आणि त्याच्या बोटाला धरून आलेली साखरही मग लक्षात राहते. ही कॉन्जुगेट, म्हणजे जोडलस म्हणू या. हिबची साधी लस अमेरिकेत १९८५ मध्ये आली आणि तान्ह्यांना निरुपयोगी ठरली. जोडलस १९८७ मध्ये आली, आणि १९९० पासून दोन महिन्यांच्या बाळांना द्यायला लागले. आजाराचा आलेख तिथून कोसळला.

बी गटाची गोष्ट त्याहून चमत्कारिक. त्याचा साखरेचा कोट गर्भातल्या बाळाच्या मेंदूपेशींवरच्या साखरेसारखाच दिसतो. शरीर त्याला आपलाच समजतं, त्यामुळे त्या कोटाची लस करणं शक्यच नव्हतं. शेवटी त्या जंतूचा संपूर्ण जनुकसंच २००० मध्ये वाचला गेला, त्यातून पृष्ठभागावरची प्रथिनं निवडून लस बनवली आणि २०१३ मध्ये तिला युरोपात परवानगी मिळाली. म्हणून चार गटांच्या कुपीत बी नसतो, त्याची सुई वेगळी. आमच्या यादीत ती नव्हती. एक दार उघडं राहिलं, हे आम्हाला माहीत आहे.

आमच्या डॉक्टर रजेवरून आल्या. खोक्याचा किस्सा ऐकून हसल्या नाहीत. म्हणाल्या, कॉन्जुगेटमध्येही कंपनी बदलली की वय आणि डोस बदलतात. एक लस सहाव्या आठवड्यापासून चालते, आणि बारा महिन्यांनंतर दिली तर तिचा एकच डोस पुरतो. दुसरी नवव्या महिन्यापासून, पण दोन वर्षांखाली तिचे दोन डोस, तीन महिन्यांच्या अंतराने. आम्ही वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबलो आणि एका डोसवाली घेतली. कार्डावर त्यांनी लसीचं पूर्ण नाव आणि कुपीचा बॅच क्रमांक लिहिला. आमच्या आधीच्या नोंदींत नुसत्या बरोबरच्या खुणा होत्या. पालकांनी यासाठी जरूर आग्रह धरावा, दुसऱ्या गावी डोस घ्यायची वेळ आली की खूण काहीच सांगत नाही.

टोचून झाल्यावर अर्धा तास बाहेर बसवलं. मांडी जरा लाल. मी निर्धास्त.

रात्री दीडला ताप आला.

लसीनंतर ताप येऊ शकतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं, कागदावरही होतं. पण तो अंगाचा चटका हाताला लागला आणि मी थेट दोन महिने मागे गेलो. टाळू पाहिली: सपाट. उचलून घेतली: शांत झाली, खांद्यावर डोकं टाकलं. पाय वर केले: कुरकुर, किंचाळी नाही. मग पोटावर एक लाल ठिपका दिसला. मी स्वयंपाकघरातून काचेचा पेला आणला आणि त्याची बाजू ठिपक्यावर दाबून धरली. ठिपका दाबल्यावर फिका पडला तर ठीक. पेल्यातून तसाच लालजांभळा दिसत राहिला तर मेनिंगोकॉकस रक्तात शिरल्याची शंका, आणि मग वाट पाहायची नाही. सावळ्या अंगावर हे ठिपके सहज दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय, पापण्यांची आतली बाजूही बघायची. बायको दारात उभी. “डास चावलाय तो,” ती म्हणाली. ठिपका फिका पडला होता. डासच होता.

ही पेल्याची युक्ती शिकवताना डॉक्टरांनी एक ताकीद दिली होती. पुरळ येण्याची वाट बघू नका. मेनिंजायटिसच्या कित्येक मुलांना ते येतच नाही, आमच्या पोरीलाही आलं नव्हतं. ताप, उलट्या, उचलल्यावर वाढणारं रडणं, दूध नाकारणं, जाग न येणारी गुंगी यांतलं काही जमून आलं तर लसी पूर्ण असल्या तरी दाखवायचं. “लस झालीय म्हणून घरी थांबलो, असं मला ऐकवू नका.”

शेजारच्या खाटेवरच्या त्या बाळाचे वडील अजून फोन करतात. तीन आठवडे शिरेतून औषध चाललं, मग कानांची तपासणी झाली. जंतूंच्या मेनिंजायटिसनंतर ती लगेचच करून घ्यायची असते, कारण आतल्या कानात नंतर हाड भरत जातं, आणि कानाच्या आत ऐकण्याचं यंत्र बसवायची वेळ आली तर उशीर महागात पडतो. डाव्या कानाला कमी आहे, उजवा चांगला. पीसीव्ही, हिब सगळं त्याने वेळेवर घेतलंय.

गेल्या महिन्यात मुलीला पाळणाघरात घालायचं ठरलं. अर्जात लसींचा तक्ता होता आणि त्यात एक ओळ: ‘मेंदूज्वराची लस – होय / नाही’. त्याखाली: ‘मेंदूज्वर झाला होता का – होय / नाही’. मी पेन घेऊन बसलो. समासात बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली, हिब तीन डोस, पीसीव्ही, मेनिंगोकॉकल कॉन्जुगेट ए, सी, डब्ल्यू, वाय, बी नाही. समास संपला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “अहो साहेब, नुसती एकावर खूण करा ना.”

मी दोन्ही ओळींपुढे ‘सोबत जोडले आहे’ असं लिहिलं आणि कार्डाची झेरॉक्स टाचून दिली.